गोळी दिली, पण जंत गेले का?

घरात कुत्रं असेल तर फ्रिजच्या दारावर नाहीतर मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये एक नोंद हमखास असते: जंताचं औषध. तारीख आली की गोळी पोळीच्या घासात दडवायची, त्याने घास खाऊन गोळी तेवढी बाहेर टाकली की तूप लावून पुन्हा भरवायची, आणि मग तीन महिने विषय विसरून जायचा. गोळी पोटात गेली म्हणजे जंत मेले, असं आपण धरूनच चालतो. आज तुम्हाला एवढंच विचारायचं आहे. ते खरंच मेले का, हे तुम्ही कधी तपासून पाहिलंय?

कुत्र्याच्या आतड्यात राहणारे जंत बऱ्याच प्रकारचे. शेवयांसारखे लांब गोलकृमी दिसतात, शीतून तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे टाकणारे पट्टकृमीही दिसतात, म्हणून घाबरतो आपण त्यांनाच. खरा घातकी तो हुकवर्म, म्हणजे अंकुशकृमी. तो सहसा नजरेला पडतच नाही. लांबी जेमतेम एक-दीड सेंटीमीटर. आकड्यांसारख्या दातांनी तो आतड्याचं अस्तर धरतो आणि रक्त पितो. जागा बदलली तरी मागच्या जखमेतून रक्त झिरपत राहतं, कारण ते गोठू नये याची सोय त्याने आपल्या लाळेने आधीच केलेली असते.

धडधाकट मोठं कुत्रं हे बरेच दिवस सोसतं. पिल्लू सोसू शकत नाही. आईच्या दुधातून अळ्या त्याच्या पोटात जातात, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, शी डांबरासारखी काळी होते आणि काही दिवसांत पिल्लू दगावूही शकतं. आणि त्या वेळी शी तपासली तर तिच्यात एकही अंडं सापडत नाही, कारण जंत अजून अंडी घालण्याच्या वयाचे झालेले नसतात. म्हणूनच पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की औषध सुरू करतात आणि दर दोन आठवड्यांनी देत राहतात. पिल्लाचा सगळा भरवसा त्या औषधावर असतो.

हा भरवसा कसा ढासळू शकतो, हे अमेरिकेत दिसलं. तिथे ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींचा मोठा धंदा होता. ही कुत्री फार्मवर, वाळूच्या लांबलचक आवारांत वाढवली जात. कुत्र्याला पळायला वाळू चांगली, आणि दुर्दैवाने हुकवर्मच्या अळ्यांनाही ती तितकीच मानवते. अशक्त कुत्रं धावत नाही, म्हणून पिल्लूपणापासून शर्यतीतून निवृत्त होईपर्यंत त्यांना दर काही आठवड्यांनी जंताचं औषध दिलं जाई. सगळ्यांना, एकदम, वर्षानुवर्षं. हेतू वाईट नव्हता. पण परिणाम काय झाला तो पाहा.

औषधाची जंताला 'सवय' होते, असं आपण म्हणतो. खरं तर एकेका जंताला सवय वगैरे काही होत नाही. लाखो जंतांमध्ये मोजके जन्मतःच थोडे वेगळे असतात. फेनबेंडाझोल हे औषध जंताच्या ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, त्या प्रथिनातली एकच कडी यांच्यात बदललेली असते, आणि मग औषधाला तिथे धरच मिळत नाही. गोळी दिली की बाकीचे मरतात, हे उरतात. उरलेल्यांचीच अंडी वाळूत पडतात. आवारातल्या प्रत्येक कुत्र्याला औषध दिलेलं असलं, तर औषधाने मरणाऱ्या साध्या जंतांची पैदास कुठे शिल्लकच राहत नाही. दर फेरीला चाळणी लागते आणि चाळणीवर फक्त चिवट राहतात.

हुकवर्मवर चालणाऱ्या औषधांची मुख्य घराणी तीन: फेनबेंडाझोलचं, पायरँटेलचं आणि आयव्हरमेक्टिन-मिल्बेमायसिन-मॉक्सिडेक्टिनचं. पायरँटेलला दाद न देणारा हुकवर्म न्यूझीलंडमध्ये 1987 सालीच नोंदवला गेला होता, पुढे ऑस्ट्रेलियातही. पण 2019 साली जॉर्जिया विद्यापीठातल्या रे कॅप्लन यांच्या प्रयोगशाळेने जे दाखवून दिलं ते त्याहून वाईट होतं. तिन्ही घराण्यांना एकाच वेळी न जुमानणारे जंत त्यांना सापडले. नंतरच्या पाहणीत तपासलेल्या दर 5 ग्रेहाउंडपैकी जवळपास 4 जणांच्या पोटात हुकवर्म निघाले. एवढी औषधं खाऊनही!

त्याच सुमारास, नोव्हेंबर 2018 मध्ये, फ्लोरिडाच्या मतदारांनी या शर्यती 2020 अखेर बंद करण्याचा कौल दिला. कौल योग्यच होता. शर्यतीतली कुत्री देशभरातल्या घरांत दत्तक गेली, सोफ्यावर झोपू लागली, संध्याकाळी बागेत फिरू लागली. त्यांचे जंतही सोबत गेले. पुढे अमेरिका आणि कॅनडातल्या घरगुती कुत्र्यांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा ज्यांना हुकवर्म होते त्यांच्यातल्या दहापैकी सुमारे एकात फेनबेंडाझोलला न जुमानण्याची खूण आढळली. आणि ही सगळी ग्रेहाउंड नव्हती, त्यात पूडलसारखी लाडाची कुत्रीही होती. तिथल्या काही डॉक्टरांना शेवटी इमोडेप्साइड नावाच्या औषधाकडे वळावं लागलं. तिथे त्याला परवानगी मांजरांसाठी होती, पण दुसरं हाती काही उरलं नव्हतं. (हे नाव वाचून कुणी आपल्या मनाने शोधायला जाऊ नका. कोलीसारख्या काही जातींना आणि हृदयात हार्टवर्म असलेल्या कुत्र्यांना ते धोक्याचं ठरू शकतं.)

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे आलेत शर्यतीचे ग्रेहाउंड? बरोबर. पण औषध तेच, जंत तोच, आणि सवयीही फार वेगळ्या नाहीत. मेंढ्यांच्या पोटात रक्त पिणारा हिमाँकस नावाचा एक जंत असतो. तो या औषधांना दाद देईनासा झाल्याचं आपल्या देशातल्या पशुवैद्यांनी अनेक वर्षांपासून नोंदवून ठेवलं आहे. तिथेही कारण तेच: एकच औषध, सगळ्या कळपाला, पुन्हा पुन्हा आणि अंदाजाने.

अंदाजाचं सांगायचं तर, बाजारातल्या अनेक गोळ्या 10 किलो वजनाला एक अशा असतात. 28 किलोच्या लॅब्रॅडॉरला 'एक पुरे' म्हणून दिलेली गोळी साध्या जंतांना मारते आणि अर्धवट चिवटांना जगवते. कुत्रं काट्यावर उभं राहत नसेल तर त्याला उचलून घेऊन स्वतः उभे राहा, मग आपलं वजन वजा करा. आणि मागच्या वेळची उरलेली अर्धी गोळी वापरायचा मोह आवरा.

मात्र औषध दिल्यावरही शीत अंडी दिसली की लगेच 'औषधच कुचकामी' असा निष्कर्षही काढू नका. काही वेळा गोळी चुकीची असते. नुसतं प्राझिक्वांटेल असलेली गोळी पट्टकृमीवर चालते, हुकवर्मला तिचं काहीच वाटत नाही. काही वेळा कुत्र्याने बाहेर दुसऱ्याची घाण खाल्लेली असते. शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांची अंडी हुकवर्मच्या अंड्यांसारखीच दिसतात आणि त्याच्या पोटातून जशीच्या तशी बाहेर पडतात. आणि सर्वांत फसवा प्रकार म्हणजे स्नायूंमध्ये झोपलेल्या अळ्या. आतड्यातले जंत औषधाने मेले, जागा रिकामी झाली, की या अळ्या जाग्या होऊन आतड्यात उतरतात आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा अंडी दिसू लागतात. यात औषधाचा दोष काहीच नसतो.

हे ओळखायचं कसं? मोजून. औषध देण्याच्या दिवशी शी तपासायची, आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा. दोन्ही वेळा नुसतं 'आहेत' किंवा 'नाहीत' एवढं कळून भागत नाही, दर ग्रॅममागे किती अंडी आहेत हा आकडा हवा. आधी 800 आणि नंतर 10, तर औषधाने काम चोख केलं. आधी 800 आणि नंतर 500, तर डॉक्टरांशी बसून बोलायची वेळ आली. अशा वेळी ते दोन-तीन घराण्यांची औषधं एकत्र देऊन पाहतात. तुम्ही मात्र तेवढ्यासाठी त्याच गोळीचे डोस वाढवत नेऊ नका. तपासणी महाग नसते. जवळच्या दवाखान्यात मोजणी होत नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांत परजीवींचा वेगळा विभाग असतो, तिथे विचारा.

औषधाइतकंच काम करणारी दुसरी गोष्ट म्हणजे शी रोजच्या रोज उचलणं. पडल्या पडल्या त्यातली अंडी कुणाला बाधत नाहीत. उबदार, ओल्या मातीत ती एक-दोन दिवसांत फुटतात आणि आठवड्याभरात अळ्या अंगात शिरायला तयार होतात. त्या तोंडावाटे जातात, तशा पायाच्या कातडीतूनही जातात. तुमच्याही. अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या पायावर लाल, नागमोडी, खाजरी रेघ पुढे सरकताना दिसते ती यांचीच. पावसाळ्यात तर उचलायचा कंटाळा मुळीच करू नका. मातीत फिनेल ओतून अळ्या मरतील या भरवशावर राहू नका, कुत्र्याचे पंजे तेवढे पोळतील.

नमुना नेताना शी ताजी हवी, चमचाभर पुरते. झाकणाच्या स्वच्छ डबीत भरा. लगेच नेता येणार नसेल तर डबी दोन पिशव्यांत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, कारण बाहेर उकाड्यात ठेवली तर अंडी फुटतात आणि मोजणी चुकते. (घरातल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर डबी कुणीतरी उघडेल.) डबीवर तारीख, कुत्र्याचं त्या दिवशीचं वजन आणि दिलेल्या गोळीचं पूर्ण नाव लिहा. गोळीचं रिकामं पाकीट सोबत नेलंत तर आणखी बरं.