काळी आई आणि भूखंड

सातपुड्याचा पायथा आणि तापीचे पात्र यांच्यामध्ये वसलेल्या चोपडा तालुक्याला निसर्गाने मुक्तहस्ताने दिले आहे. डोंगरातून उतरणारे पाणी पायथ्याच्या दगडगोट्यांत मुरते. तेच खाली काळ्या जमिनीतील विहिरींना आधार देते. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले, त्यामागे ही भूमी आणि हे पाणी आहे.

अशा जमिनीवर बिनशेती भूखंडांचे दगड रोवले जातात, तेव्हा प्रश्न एका सातबाऱ्यापुरता उरत नाही. केळीचे खोड कापले तरी शेजारून पिल फुटते. काँक्रीटखाली गाडलेली काळी आई पुन्हा पिकत नाही.

यात शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. शेती परवडत नाही म्हणूनच तो खरेदीखतावर सही करतो. मात्र गायरान कोणा एकाचे नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्रात गुरांसाठी स्वतंत्र कुरणे राखण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०११ मध्ये गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश दिले.

घरे हवीतच, परंतु ती प्रथम मुरमाड, नापीक जमिनीवर उभी राहावीत. १९६६ च्या नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्यात हरित पट्टा राखता येतो आणि त्यावर हरकती नोंदविता येतात. हा अधिकार जागरूक समाजाने मुदतीतच बजावला पाहिजे. भूमीला माता म्हणणाऱ्यांनी तिचा केवळ जयजयकार करून भागणार नाही. तिची राखणही करावी लागेल.