जोखीम जनतेची, घर मालकाचे

अमेरिकेत गेली काही वर्षे एका प्रयोगाचे फार कौतुक चालले आहे. स्वयंसेवी संस्था खासगी घरमालकांकडे जातात, रिकाम्या जागा मागून घेतात आणि रस्त्यावर वा रात्रनिवाऱ्यात दिवस काढणाऱ्या माणसांना तेथे वसवितात. घरमालकाला या उपक्रमात ‘भागीदार’ म्हणण्याचा प्रघात आहे. आपल्याकडील काही सुविद्य मित्रांनाही हा शब्द आवडू लागल्यामुळे त्या भागीदारीचा जमाखर्च मांडून पाहणे इष्ट ठरेल.

भागीदारीत प्रत्येकाने काही घालावयाचे असते. येथे भाडे येते ते प्रामुख्याने सरकारी तिजोरीतून. १९७४ च्या कायद्याने सुरू झालेली भाडेसाहाय्याची ‘व्हाउचर’ पद्धत हा त्याचा मोठा स्रोत. भाडेकरूची कागदपत्रे जुळविणे, तक्रार आली की धावत जाणे, हे संस्थेच्या तुटपुंज्या पगारावरील कार्यकर्त्याचे काम. भाडेकरू येईपर्यंत जागा राखून ठेवल्याबद्दल लॉस एंजेलिसमध्ये मालकाला वेगळे पैसे मिळतात. मोडतोड झाल्यास वॉशिंग्टन राज्यात २०१८ पासून ५,००० डॉलरपर्यंत भरपाई सार्वजनिक निधीतून मिळू शकते. मग या भागीदाराने घातले काय? त्याने नकार दिला नाही, एवढेच!

आणि त्या नकाराचाच भाव चढा आहे. अर्बन इन्स्टिट्यूटच्या २०१८ मधील पाहणीत फोर्ट वर्थमधील ७८ टक्के आणि लॉस एंजेलिसमधील ७६ टक्के मालकांनी व्हाउचरधारक भाडेकरू नाकारले. राजधानी वॉशिंग्टनमध्ये असा नकार कायद्याने निषिद्ध होता. तेथे प्रमाण अवघे १५ टक्के. फिलाडेल्फियात मात्र तसा नियम असूनही ते ६७ टक्के निघाले, म्हणजे नुसता नियम पुरत नाही हेही खरे. तथापि, जे काम कायद्याचा धाक करू शकतो ते बक्षिसी देऊन करून घेणे, यालाच भागीदारी म्हणावयाचे काय?

आपल्यातील काही साथी यावर म्हणतील की ही सारी भांडवलशाहीची मलमपट्टी आहे, ती झिडकारून टाका. प्रस्तुत लेखकाला हे मुळीच मान्य नाही. जानेवारी २०२४ च्या सरकारी गणतीत ७,७१,४८० माणसे बेघर आढळली. त्यांतील एखाद्याला आज रात्री किल्ली मिळत असेल, तर ‘समाजवाद येईतो थांब’ असे त्याला सांगण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस यांनी सुरू केलेल्या संस्थेने व्यसन वा आजार सुटण्याची अट न घालता आधी घर दिले आणि बहुसंख्य माणसे त्या घरात टिकली. ती घरे खासगी मालकांकडूनच भाड्याने घेतलेली होती. हे श्रेय नाकारणे कोतेपणाचे होईल.

आक्षेप आहे तो मालकीविषयी. २०२१ साली तेथील केंद्र सरकारने ५०० कोटी डॉलर खर्चून सुमारे ७०,००० तातडीची व्हाउचरे काढली. भाडी भडकली, निधी अपेक्षेपेक्षा लवकर आटू लागला आणि २०२६ नंतर तो पुरणार नाही असे २०२५ मध्ये गृहखात्यानेच कळविले. एवढे भाडे मोजून सरकारच्या हाती एक वीटही उरलेली नाही. उरणार तरी कशी? १९९८ च्या फेअरक्लॉथ दुरुस्तीने सार्वजनिक घरांची संख्या १९९९ च्या पातळीवरच गोठवून ठेवली आहे. आपले हात आपणच बांधावयाचे आणि मग घरमालकाचे पाय धरावयाचे, अशी ही राजनीती.

फिनलंडमध्येही स्वयंसेवी संस्था आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या वाय फाउंडेशनने घरमालकांची मनधरणी करीत न बसता सामान्य इमारतींतील सदनिका विकत घेतल्या. त्यासाठी अनुदान आले जुगारयंत्रांच्या उत्पन्नातून, हा एक गमतीचा भाग! घर संस्थेचे झाले; मालकाची मर्जी फिरली म्हणून भाडेकरू बाहेर पडण्याचा प्रश्न उरला नाही. त्या देशातील बेघरांची संख्या २०२३ मध्ये साडेतीन हजारांच्या खाली आली होती. २०२४ मध्ये ती पुन्हा वाढली. घरभाड्याच्या भत्त्याला कात्री लावणारे सरकार तेव्हा सत्तेवर होते.

आपल्याकडे २०२० साली केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली. स्वतःच्या जमिनीवर अशी घरे बांधणाऱ्या खासगी मालकाला वाढीव चटईक्षेत्र आणि करसवलती देऊ केल्या. अट एवढीच की किमान २५ वर्षे ती भाड्यानेच द्यावीत. असा प्रस्ताव नगरपालिकेच्या सभेपुढे येईल तेव्हा आपल्या नगरसेवकांनी आधी एवढेच विचारावे, की सव्विसाव्या वर्षी ही घरे कोणाची आणि त्यांतील भाडेकरू कोठे जाणार. उत्तर लेखी मागावे.