गुणांची भीक नको, वेळ द्या

खेळ आणि विद्या यांचें मुळांतच वैर आहे, अशी समजूत आमच्या सुशिक्षित कुटुंबांत अजून घट्ट रुजलेली आहे. मुलगा वा मुलगी क्रीडांगणावर चमकली म्हणजे वडील पेढे वांटतात. पण परीक्षा जवळ आली, कीं त्याच वडिलांना तें क्रीडांगण शत्रूच्या गोटासारखें वाटूं लागतें. हें वैर खरें असतें, तर प्रा. दि. ब. देवधर झालेच नसते. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकविणाऱ्या या गृहस्थांनीं १९४४ सालीं, वयाची पन्नाशी उलटल्यावर, एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतकें काढलीं. अनिल कुंबळे यांनीं अभियांत्रिकीची पदवीही घेतली आणि कसोटी सामन्यांत ६१९ बळीही घेतले. तेव्हां दोष खेळाचा नव्हे आणि विद्येचाही नव्हे. दोष आहे तो महाविद्यालयाच्या ताठर वेळापत्रकाचा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें वेळापत्रक खेळाडूशीं कसें वागतें तें पाहावें. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठीं संघ परगांवीं जातो. परत आल्यावर खेळाडूची हजेरी भरून निघते. बुडालेला तास मात्र भरून निघत नाहीं. प्रयोगशाळेंतील चुकलेला प्रयोग बहुधा त्याला पुन्हां कोणी करून दाखवीत नाहीं. परीक्षा आणि सामना एकाच आठवड्यांत आले, तर दोहोंपैकीं एकावर त्यानें पाणी सोडावें अशीच अपेक्षा असते. आणि या सर्वांची भरपाई कोणती? तर वाढीव गुण! महाराष्ट्रांत दहावी-बारावीपासूनच ही दक्षिणा सुरू होते. गुणांनीं गुणपत्रिका फुगते, ज्ञान फुगत नाहीं. ज्याला शिकावयाचें होतें त्याला न शिकवितां उत्तीर्ण करणें, हा सन्मान नसून सभ्य भाषेंत केलेली फसवणूक आहे.

या फसवणुकीची किंमत पुढें कळते. महाविद्यालयाच्या संघांतून राष्ट्रीय संघांत पोंचणारे विरळा. बाकीच्यांचा गुडघा एके दिवशीं दुखावतो, निवड हुकते, आणि बाविसाव्या वर्षीं हातांत कांहीं चषक व एक पोकळ पदवी एवढेंच उरतें. चषक महाविद्यालयाच्या कपाटांत शोभतो. रिकामे हात मात्र ज्याचे त्याला घरीं न्यावे लागतात.

कोणी म्हणतील, एका खेळाडूसाठीं परीक्षेचें सारें चक्र थांबवावयाचें काय? मुळींच नाहीं, त्याच्यासाठीं दुसरी तारीख ठेवावयाची. २०१८ सालीं केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें नेमबाज अनीश भानवाला याला, स्पर्धांच्या आड येणारे दहावीचे विषय मागाहून देण्याची सोय करून दिली. त्याच वर्षीं त्यानें राष्ट्रकुल स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकलें, आणि मंडळाचें चक्रही अडलें नाहीं. एवढ्या मोठ्या मंडळास जें साधलें तें एका महाविद्यालयास कां साधूं नये? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तर अभ्यासक्रम मध्येंच थांबवून पुन्हां हातीं घेण्याची मुभा तत्त्वतः मान्य केली आहे. मग खेळाडूनें तीन वर्षांची पदवी पांच वर्षांत घेतली, तर घरच्या मंडळींनीं तरी तोंड कां लपवावें? उशिरा शिकणें म्हणजे नापास होणें नव्हे, हें आधीं आपण आईबापांनींच पटवून घेतलें पाहिजे.

खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जातां यावें, म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकलें. खाशाबांनीं तेथें कांस्यपदक मिळविलें. आजच्या प्राचार्यांकडे आम्ही घर मागत नाहीं. परीक्षेची एक दुसरी तारीख, बुडालेले तास शिकविणारा एक अध्यापक आणि पदवीसाठीं एक-दोन अधिक वर्षें, इतकेंच मागतों. एवढेंही देण्याची तयारी नसेल, तर विजयी खेळाडूंचीं छायाचित्रें त्यांनीं आपल्या माहितीपत्रकांत छापूं नयेत.