बापाला खाटेला खिळवू नका

शेतकरी बंधूंनो, बायपास झालेल्या बापाला महिनोन्‌महिने निजवून ठेवणं ही सेवा नव्हे. उत्तन-राईकडे फिरतीवर मी हे पाहतो. डॉक्टरांना विचारून रोज थोडं थोडं चालवा. मनमोहन सिंगांची दुसरी बायपास जानेवारी २००९ मध्ये, वयाच्या ७६व्या वर्षी झाली. मे महिन्यात ते पुन्हा पंतप्रधान झाले!

मात्र छातीचं हाड उभं कापून तारेनं बांधलेलं असतं, सांधायला दोन-तीन महिने लागतात. कलम धरेपर्यंत आपण फांदीला धक्का लागू देतो का? तोवर भरलेली कळशी, भाजीची पाटी उचलू देऊ नका. आमचे वडील ‘बरं वाटतंय’ म्हणत पाटीला हात घालतातच. नजर ठेवावी लागते. खारवलेली मासळीही आवरा. ताप आला, जखम पाझरली किंवा हाड खटखटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.