पान कधी उघडते, कधी रुसते!

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला वर्षाचे गहू साठवण्याबद्दल लिहिलं होतं. आजचा विषय अगदीच निराळा, पण तोही घरातलाच.

गेल्या महिन्यात लेकीच्या प्रवेश-परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. शाळेतून आले, कुकर लावला आणि लॅपटॉपपाशी बसले. वेबसाइटचं पान एकदा उघडे, पुढच्या वेळी ‘५०२’. परत उघडे, मग ‘५०४’. आमचे हे म्हणाले, “वायफाय बिघडलंय.” तीनदा बंद-चालू केलं. फुकट! ऐन फी भरताना पुन्हा ५०४ आलं. मी घाबरले आणि यूपीआयनं दुसऱ्यांदा पैसे भरले. हजार-हजार रुपये दोनदा गेले की हो खात्यातून!

तेव्हा आधी तो आकडा वाचावा. ४ ने सुरू होणारा असेल तर बहुधा आपल्या मागणीत काही खोट असते; ४०४ म्हणजे मागितलेलं पान त्या पत्त्यावर नाही. ५ ने सुरू होणारा आकडा म्हणजे घोटाळा त्यांच्या बाजूला. मोठ्या वेबसाइटमागे एक नव्हे, अनेक यंत्रं असतात. दारावरचा माणूस आपल्याला कुठल्याही खिडकीवर धाडतो. त्यातली एकच खिडकी बिघडली, की काम कधी होतं, कधी नाही. ५०४ चा अर्थ इतकाच, की दारावरच्याला आतून वेळेत उत्तर आलं नाही. आत काम झालंच नाही, असं मात्र तो म्हणत नाही! माझी गफलत झाली ती इथंच.

खात्री करायची तर तेच पान मोबाइलच्या डेटावर उघडून बघावं. तिथंही तेच आलं आणि बाकीच्या वेबसाइट नीट चालत असल्या, तर घरच्या वायफायला बोल लावू नये. ब्राउझरच्या खाजगी खिडकीत पान नीट उघडलं, तर आपल्याकडे साठलेल्या त्या वेबसाइटच्या जुन्या कुकीज काढून टाकाव्यात. आणि सारखं बटण दाबू नये, बाई! फार वेळा दाबलं तर ४२९ येतं, म्हणजे ‘पुरे करा आता’. पाच-दहा मिनिटं थांबावं. तेवढ्यात पोळ्या होतात.

पैसे भरताना पान अडकलं तर आधी बँकेचा संदेश आणि खातं पाहावं, मग अर्जाची स्थिती. व्यवहार क्रमांक आणि वेळ वहीत टिपून पानाचा फोटो काढून ठेवावा. यूपीआयनं दुकानदाराला किंवा संस्थेला पैसे गेले, पण त्यांच्याकडे पोच झाली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत मिळायला हवेत. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे.

रात्री अर्ज उघडून पाहिला, तर पहिलीच फी जमा झालेली! दुसरी मधेच अडकली होती, ती चौथ्या दिवशी परत आली. तोवर ह्यांना काही सांगितलं नव्हतं, बरं का.