हात पोचेल एवढ्या अंतरावर

माझ्या भाचीला सातवा महिना सरत आला आहे. डोंबिवलीत भाड्याचा वन बीएचके, दोघांचेही पगार बेताचे. परवा तिने मला एक यादी दाखवली. पांढरा लाकडी कॉट, त्याला आतून चारी बाजूंनी गुबगुबीत कठडे, कपडे बदलायचं टेबल, भिंतीवर ढग आणि हत्ती, पडदे, मंद दिवा. बेरीज सत्तर हजारांच्या पुढे, आणि त्यातले चाळीस हजार हप्त्यांवर. “मावशी, आपल्या बाळाला आपण एवढंही द्यायचं नाही का?”

या प्रश्नामागे माया आहे, म्हणून तो थट्टेवारी नेण्याचा नाही. पण माया खरी असली तरी यादी चुकीची आहे.

पहिला मुद्दा स्वतंत्र खोलीचा. ती नसेल तर बाळाला नीट झोप लागत नाही, असं तिच्या मनाने घेतलं आहे. ज्या अमेरिकेतून ही सजवलेल्या खोलीची कल्पना आली, तिथल्याच बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत झोपावं. त्यांच्या अंथरुणात नव्हे, पण शेजारी, स्वतःच्या बिछान्यावर. तान्हं मूल दर दोन-तीन तासांनी प्यायला उठतं. टाके ओले असलेल्या बाईने रात्रीतून चार वेळा उठून दुसऱ्या खोलीत जायचं, ही तिची सोय कशी म्हणायची?

दुसरा मुद्दा सजावटीचा. नवजात बाळाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटरवरचंच जरा स्पष्ट दिसतं. अंगावर पिताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. पलीकडच्या भिंतीवरचे हत्ती त्याच्यासाठी नसतातच. आईबापांना हौस असेल तर अवश्य लावावेत, पण बाळाच्या विकासासाठी म्हणून कर्ज काढून लावू नयेत.

आणि ते गुबगुबीत कठडे? यादीतली सर्वांत गोंडस वस्तू तीच, आणि सर्वांत घातक वस्तूही तीच. तोंड त्यात रुतलं तर एवढ्याशा जीवाला मान वळवून सुटका करून घेता येत नाही. अमेरिकेने 2022 साली कायदा करून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आपण मात्र ते पैसे मोजून घरी आणतो आहोत.

“पहिलंच बाळ, त्याला दुसऱ्याचं वापरलेलं कसं द्यायचं?” हे तिच्या सासूबाईंचं म्हणणं. पण आपल्याकडे तर कित्येक घरांत नवजात बाळाला आधी जुनंच कापड लावतात. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती धोतराची दुपटी, थोरल्या भावंडांची झबली. नव्या कापडाची खळ त्या कातडीला बोचते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. फिनलंडमध्ये 1938 पासून सरकार होणाऱ्या आयांना कपड्यांची पेटी देतं. तळाशी पातळ गादी असलेल्या त्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच तिथली कितीतरी बाळं झोपली. ते गरिबीचं लक्षण आहे असं तिथे कुणी म्हणत नाही.

मात्र “आमच्या वेळी काय होतं?” असं म्हणणाऱ्यांच्याही बाजूने मी उभी नाही. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी, अंगाखाली तीन-तीन गोधड्या, उशाशी कापडी बाहुली, यातलं काहीही बाळाच्या बिछान्यात नको. गादी सपाट आणि घट्ट हवी, वर ताणून बसवलेली चादर, आणि बाळ उताणं. बस्स.

आमच्या माळ्यावर सागवानी पाळणा होता, स्टँडचा. तो खाली काढला आणि उजेडात धरून पाहिला. साखळीची वरची एक कडी घासून निम्म्याने झिजली होती. अंगठ्याने दाबलं तर एक दांडी खोबणीत हलत होती. नुसता पुसून दिला असता, तर कधीतरी बाळासकट खाली आला असता. सुताराने दांडी बसवली, दोन्ही साखळ्या नव्या घातल्या आणि फटी मोजल्या. सहा सेंटिमीटरहून मोठी फट नको, नाहीतर बाळाचं अंग त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं. गादी मापाने नवी भरून घेतली, कडेला बोटभरही जागा न सोडता. सगळा खर्च दोन हजारांच्या आत. बाळ कुशीवर वळायला लागलं की पाळणा बंद करायचा आणि खाली जमिनीवर अंथरायचं, हेही तिला बजावलं आहे.

मग उरलेल्या पैशाचं काय? भाचीची नोकरी कंत्राटी आहे, रजेचा पगार मिळेल याची खात्री नाही. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जाणार. त्याऐवजी तीन महिने स्वैपाकाला बाई ठेवावी. दोन वेळचं गरम जेवण हातात मिळालं आणि दुपारची दोन तास सलग झोप झाली, तर बाळंतीण सावरते. रात्री-अपरात्री डॉक्टरांकडे धावावं लागलं तर रिक्षाला आणि औषधाला घरात रोख असावी. आणि एक चांगली मच्छरदाणी घ्यावी; डोंबिवलीत ती पडद्यांपेक्षा कितीतरी गरजेची आहे.

हे सगळं तिला बसून सांगितलं. सासूबाईंनीही ऐकून घेतलं. हत्ती तेवढे राहिले आहेत, कागदाचे, जावईबापू घरीच कापणार आहेत. पाळणा काल पोचला. पलंगाच्या डाव्या अंगाला, झोपल्या झोपल्या तिचा हात पोचेल असा ठेवला आहे.