मस्तानीकडे मोबाईल असता तर?



मागच्या आठवड्यात आमच्या मंगरूळपीरला दोन दिवस पावसाची झड लागली होती. सातवीच्या वर्गात जेमतेम पंधरा मुलं, त्यात लाईट गेलेली. फळ्यावरचं काही दिसेना. मग काय, "मॅडम, गोष्ट सांगा ना!" आदल्या रविवारीच मुलांनी टीव्हीवर बाजीराव-मस्तानीचा सिनेमा पाहिला होता. मी म्हटलं, चला, आज सिनेमातली नको, इतिहासातली सांगते.

तुम्हीही ऐका हं. पहिले बाजीराव पेशवे म्हणजे मोठे लढवय्ये. १७२९ साली ते बुंदेलखंडच्या छत्रसाल राजांच्या मदतीला धावून गेले. त्यानंतर बुंदेलखंडातून मस्तानी पुण्याला आली. पण पेशव्यांच्या घरानं तिला आपलं मानलं नाही. तिच्या मुलाच्या मुंजीलाही विरोध झाला. पुढे बाजीराव मोहिमेवर असताना घरच्या मंडळींनी तिला पुण्यात पहाऱ्यात ठेवलं. तिकडे नर्मदेकाठी रावेरखेडीच्या छावणीत बाजीरावांना ताप आला आणि २८ एप्रिल १७४० रोजी ते वारले. वय अवघं ३९. मस्तानीही त्याच वर्षी गेली. ती कशी गेली, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. बाजीरावांची समाधी रावेरखेडीला, तर मस्तानीची कबर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला.

वर्ग चिडीचूप! मग मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"मॅडम, त्यायच्यापाशी मोबाईल असता तं?"

झालं! सगळ्यांना एकदम कंठ फुटला. "मस्तानीनं रोज व्हिडिओ कॉल केला असता!" "बाजीरावानं लोकेशन पाठवलं असतं!" "ताप आल्याबरोबर १०८ ची गाडी बोलावली असती!"

मी सांगितलं, त्या काळी पत्र घेऊन जासूद धावायचे, सांडणीस्वार जायचे. पुण्याहून रावेरखेडी म्हणजे ५०० किलोमीटरच्या आसपास. वाटेत नद्या, घाट, जंगल. निरोप पोचायला कित्येक दिवस लागायचे. आता? बोट लावलं की काम झालं.

मग शेक्सपिअरच्या 'रोमिओ आणि ज्युलिएट' या नाटकाची गोष्ट सांगितली. त्यात ज्युलिएट औषध घेऊन मेल्यासारखी निजते. हे नुसतं सोंग आहे, हे कळवणारं पत्र रोमिओकडे निघतं खरं. पण पत्र नेणाऱ्यालाच साथीच्या संशयावरून एका घरात अडकवून ठेवतात. २०२० साली कोरोनात घरं बंद केली होती ना, तसंच! पत्र पोचत नाही आणि सगळा घात होतो. तिथे एक मेसेज गेला असता, तर दोघं वाचली असती.

"म्हणजे मस्तानीबी वाचली असती!" मुलं ओरडली.

तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी, एरवी फारसं न बोलणारी, म्हणाली, "मॅडम, तिले तं कोंडलं होतं ना? मंग सगळ्यात आधी तिचा मोबाईलच काढून घेतला असता."

मला उत्तर सुचेना. तिचं खरंच होतं. पेशव्यांच्या घरात पत्रं तर येत-जातच होती. बाजीरावांचं मन कुठे आहे, हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. रोमिओला निरोप मिळालाच नाही. इथे निरोप मिळत होता, पण तो ऐकून घ्यायची कुणाची तयारी नव्हती. त्यावर कुठलं यंत्र चालणार?

शाळा सुटल्यावर ती मुलगी छत्री उघडता उघडता हळूच म्हणाली, "आमच्या ताईचा घेतला, मॅडम. कॉलेजबी बंद केलं." (हे मी तिला आणि तिच्या आईला विचारूनच लिहिते आहे.)

मी तिच्या घरी गेले. वर्गातल्या एका मुलाचे चार-दोन मेसेज, एवढंच निमित्त. आई म्हणाली, "भेव वाटते मॅडम." ती भीती खोटी नाही. मोबाईलवर फसवणारेही असतात, फोटोंचा गैरवापरही होतो. मी एवढंच विचारलं, "तिला काय म्हणायचं आहे, ते ऐकलं का?" आई गप्प झाली.

ताईचं कॉलेज आता पुन्हा सुरू झालंय. मोबाईल अजून कपाटातच आहे. पण मायलेकी बोलायला लागल्यात.

जाता जाता गोष्टीचा उरलेला भाग. मस्तानीचा मुलगा तेव्हा लहान होता. बाजीरावांच्या पत्नी काशीबाईंनी त्याला वाढवलं, असं सांगतात. तोच समशेरबहाद्दर. १७६१ साली पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूनं लढला, घायाळ झाला आणि त्यातच गेला. ज्या घरानं आईला दार उघडलं नाही, त्याच घरासाठी!

आता या आठवड्याचा गृहपाठ. मुलांनो, आई-बाबांना सांगायची राहून गेलेली एक गोष्ट सांगा. मेसेज करून नाही, समोर बसून. आणि आई-बाबांनो, तुम्हालाही गृहपाठ आहे बरं का! पोराचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मध्ये एक शब्दही बोलायचा नाही.

जमलं का ते मला नक्की कळवा.

तुमच्या मॅडम